एकमताने गैरहजर

नेतृत्व रक्तातच असावं लागतं, असं थोर लोक सांगून गेले आहेत. या गोष्टीतल्या मुलीच्या रक्तात हिमोग्लोबिनसुद्धा पुरेसं नव्हतं. ते नेमकं किती कमी आहे हे बघायला ती एका रविवारी सकाळी तपासणीला गेली आणि त्याच वेळी तिच्या इमारतीची वार्षिक सभा भरली. त्या इमारतीत सचिव निवडायची एक जुनी, बिनबोभाट पद्धत होती: जो सभेला नसेल तो सचिव. समोर बसलेला माणूस नाही म्हणू शकतो; गैरहजराला ती सोय नसते. दंडावर कापसाचा बोळा दाबून ती घरी परतली, तेव्हा तिच्या दारावर ‘सचिव’ अशी पाटी लागली होती. खिळे नवे होते.

“अभिनंदन!” अध्यक्षकाका जिन्यातूनच म्हणाले. “एकमताने!”

“अहो काका, पण मला विचारलं का कुणी?”

“आता विचारणार कसं? तू होतीस कुठे?”

या गोष्टीला पाच वर्षं झाली. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची आणि संध्याकाळी इमारतीतली भांडणं. टाकी, जिन्यातले दिवे, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, हे सगळं तिने निभावून नेलं. पण अकरा महिन्यांपूर्वी लिफ्ट बंद पडली. बिघडलेला भाग आता कुठेच बनत नाही, असं कंपनीने कळवलं. तिने तेवीस पत्रं लिहिली. तेवीस उत्तरं आली: ‘आपलं पत्र मिळालं.’

लिफ्टवाचून इतरांचे पाय दुखत होते. तिची आत्या मात्र सहाव्या मजल्यावर अडकली होती. आईवडिलांमागे तिला वाढवणाऱ्या या आत्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. अकरा महिन्यांत ती एकदाही खाली उतरली नव्हती. “मला काय धाड भरलीय? वरून सगळं दिसतं,” असं ती म्हणायची आणि गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसांना सूचना द्यायची. पण दर शनिवारी ती बाहेर जायच्या चपला पुसून दारात ठेवायची. ते बघून मुलगी पुढचं पत्र लिहायला बसायची.

अशात दुकानात एक गिऱ्हाईक एक पत्रक विसरून गेलं: तरुण समाजनेत्यांची आंतरराष्ट्रीय परिषद. चाळीस देशांतून चाळीस तरुण. शेवटी एका प्रकल्पाची निवड, आणि त्याला लागतील ती यंत्रं, तज्ज्ञ, कारागीर परिषदेतर्फे. तिने ते पत्रक तीनदा वाचलं. अध्यक्षकाकांनी एकदाच वाचलं आणि अर्ज भरून टाकला. काकांची हयात अर्ज तपासण्यात गेली होती. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. शिवाय ते खोटं लिहीत नसत. ‘आपली निवड कशी झाली?’ या प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं, ‘एकमताने. सभेला स्वतः न येता.’ ‘विरोधक किती?’ ‘एकही नाही.’ ‘पद का सोडलं नाही?’ ‘लोक सोडू देत नाहीत.’

निवड समिती अवाक झाली. इतकी लोकप्रियता त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

निघताना आत्याने बजावलं, “जाऊन ये. भाषणबिषण करत बसू नकोस. लिफ्टचं काय ते बघ.”

“आत्या, जगभरातली माणसं येणार आहेत गं. मोठमोठे प्रकल्प घेऊन.”

“येऊ देत की. त्यांच्याही आत्या असतील. आपली आपण बघायची.”

परिषदेचं दालन गोल होतं, म्हणजे शेवटच्या बाकावर बसायची सोय नव्हती. काचेच्या खोलीत दुभाषी बसले होते. कोणी काही बोललं की सगळ्यांच्या कानात आपापल्या भाषेत ऐकू यायचं. परिषदेच्या संचालिका एक घंटा आणि एक नियमपुस्तिका घेऊन बसल्या होत्या, आणि दोन्हींवर त्यांची सारखीच निष्ठा होती.

एकाने नदी स्वच्छ करायची ठरवली होती. एकीला नव्वद शाळा उघडायच्या होत्या. लाल टायवाल्या तरुणाला माणुसकीच नव्याने उभारायची होती. नकाशे तयार होते. मग हिची पाळी आली.

“आमची लिफ्ट बंद आहे,” ती म्हणाली.



“लाभार्थी किती?” संचालिकांनी विचारलं.

“चोवीस घरं. आणि आत्या.”

टायवाल्याला दया आली असावी. “ते असू द्या. तुमच्याकडे नेता निवडायची काय पद्धत आहे?”

“पद्धत कसली? जो हजर नसेल त्याला निवडतात.”

दुभाष्यांनी ते एकोणचाळीस जणांच्या कानात पोचवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. टायवाला उठून उभा राहिला. “ज्याला सत्तेची हाव नाही, त्यालाच सत्ता! केवढा विचार आहे हा!”

“विचार वगैरे काही नाही हो. जिना झाडायला कुणी तयार नसतं, म्हणून.”

“आणि ही नम्रता बघा!”

दुसऱ्या दिवशी आधी परिषदेचा अध्यक्ष आणि मग प्रकल्प निवडायचा होता. अध्यक्षपदासाठी तीनदा मतदान झालं. तिन्ही वेळा एकोणचाळीस जणांना एकेक मत पडलं आणि चाळिसावी चिठ्ठी कोरी निघाली. जेवणं गार झाली. चार वाजले. पाचला दालन सोडायचं होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून तिथे फरशांचं प्रदर्शन होतं. अध्यक्ष ठरल्याशिवाय प्रकल्पाचा विषय घेता येत नाही, असं पुस्तिकेच्या चौथ्या पानावर छापलं होतं.

“ताई, काहीतरी करा ना,” तिने संचालिकांना विनवलं. “मी इथून रिकाम्या हाताने गेले तर घरी तोंड कसं दाखवू?”

तेवढ्यात टायवाल्याला सुचलं. “आपण यांच्या इमारतीचीच पद्धत वापरू या! जो दालनात नसेल, तो अध्यक्ष!”

ठराव ताबडतोब मंजूर झाला. संचालिकांनी घंटा वाजवली. “सध्या गैरहजर कोण आहे?”

“कोणीच नाही.”

“मग साडेचारला पुन्हा मोजणी.”

यानंतर जे घडलं त्याला योगायोग म्हणायला हवं. नदीवाल्याचा फोन वाजला; निदान त्याने तो कानाला लावला. शाळावालीला चक्कर आली आणि ती तडक चालत बाहेर गेली. कोणाला पाणी हवं होतं, कोणाला हवा. बाकीच्यांनी कारणं सांगण्यात वेळ घालवला नाही. दारात चेंगराचेंगरी झाली, कारण सगळेच नेते असल्यामुळे प्रत्येकालाच पुढे राहायचं होतं. सर्वांत शेवटी टायवाला निघाला. दारात थबकून त्याने विचारलं, “तुम्ही येत नाही?”

“नको रे बाबा,” खुर्चीचे हात घट्ट धरून ती म्हणाली. “एकदा गेले होते. पाच वर्षं निस्तरतेय.”

साडेचारला घंटा झाली. संचालिकांनी रिकाम्या खुर्च्या बोटाने मोजल्या. “गैरहजर एकोणचाळीस. ठरावाप्रमाणे सगळेच अध्यक्ष. आपली काही हरकत?”

“छे हो! माझी कसली हरकत?”

“विषय दोन. प्रकल्पाची निवड. उपस्थितांच्या बहुमताने.”

“उपस्थित किती आहेत?”

“आपण.”

ती सावकाश उभी राहिली. “मी लिफ्ट मांडते.”

“अनुमोदन?”

तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “मीच दिलं तर?”

संचालिकांनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. “बंदी नाही,” त्या म्हणाल्या. “कोणाचा विरोध?”

दोघींनी दाराकडे पाहिलं. बाहेर एकोणचाळीस जण एकमेकांना आपलं काम किती निकडीचं होतं ते समजावत होते.

“मंजूर,” संचालिकांनी घंटा वाजवली. “एकमताने.”

पुढाऱ्यांना आत बोलावून ते सगळे अध्यक्ष झाल्याचं सांगितलं, तेव्हा मिठ्या पडल्या, फोटो निघाले. प्रकल्पाची चौकशी त्यानंतर झाली.

“लिफ्ट?” टायवाला किंचाळला. “हा लोकशाहीचा खून आहे!”

“खून कसला?” ती म्हणाली. “मतदान झालं की. शंभर टक्के.”

एकोणचाळीस अध्यक्षांनी निषेधाचं पत्रक काढायचं ठरवलं, पण त्यावर पहिली सही कोणाची यावर एकमत होईना. पाच वाजता फरशा आल्या.

सहा आठवड्यांनी तीन देशांचे तज्ज्ञ आणि अकरा कारागीर इमारतीत येऊन थडकले. जुनी लिफ्ट काढून त्यांनी नवी कोरी बसवली, चकचकीत दाराची आणि आतून आरशाची. ज्या दिवशी ती सुरू झाली त्या दिवशी चोवीस घरांतली माणसं खाली दाराशी जमली. आकडे एकापाठोपाठ एक उजळत खाली आले, दार उघडलं आणि ठेवणीतली साडी नेसलेली आत्या भाचीच्या हाताला धरून बाहेर पडली. एवढ्या टाळ्या झाल्या की समोरच्या इमारतीतले लोकही खिडक्यांत आले. अध्यक्षकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुलीला वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल.

आत्या अंगणातल्या बाकावर जाऊन बसली. तिने रस्ता पाहिला, झाड पाहिलं, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस केली. दहा मिनिटांनी ती उठली.

“काय झालं गं आत्या? बस ना जरा.”

“चल वर. डास फार आहेत इथे.”

सहाव्या मजल्यावर डास येत नाहीत.