पाच-तीस की वीस-पन्नास

आमच्या उदगिरात माणूस भेटला की आधी "जेवलाव का?" म्हणून विचारतात. वाघमारे साहेब विचारायचे, "गाडीत तेल कोणतं?" तेल म्हणजे इंजिन ऑइल. आपण कंपनीचं नाव सांगावं, तर हात झटकून म्हणायचे, "नाव ऱ्हाऊ द्या गुरुजी, ग्रेड सांगा, ग्रेड. पातळ पाच-तीस, की घट्ट वीस-पन्नास?"

वीज खात्यातून निवृत्त झालेला हा माझा शेजारी. स्वतःला स्कूटरपलीकडे काही चालवता येत नाही, आणि दारात पत्र्याच्या शेडखाली लालभडक, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. ती मुलाची, संदेशची. पुण्यात नोकरीला होता. तापाचं निमित्त झालं आणि पोरगा गेला. गाडी तेवढी घरी आली.

साहेबांचं तेलाचं वेड तेव्हापासूनचं. देगलूरला एका लग्नात वरात मांडवाशी आली, तर यांनी ड्रायव्हरला गोड बोलून फुलांनी सजवलेल्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. तेल मोजायची पट्टी उपसली आणि बोटांवर तेल चोळत उभे राहिले. नवरदेव आतच बसलेला. "घट्ट हाय," साहेब खिडकीतून त्याला म्हणाले, "पाच-तीस पाहिजे होतं." साहेबांना लग्नाला मी नेलं होतं, त्यामुळे ते पाहुणे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

उदगीरचे मिस्त्री मात्र एकमुखानं सांगत, "आपल्याकडं ऊन लई. वीस-पन्नासच घाला. ट्रॅक्टर बघा कसा पळतोय." पातळ तेल आमच्याकडे कुणाच्या पचनीच पडत नाही. हे ऐकलं की साहेब चेहरा पाडून उठायचे, आणि लातूरहून पाच-तीसचा डबा स्वतः घेऊन यायचे.

यंदा साहेबांच्या बायकोनं, काकूंनी, गाडी विकायचं ठरवलं. त्यांना ती दारात बघवत नव्हती. गिऱ्हाईकं येऊ लागली आणि साहेबांचा प्रश्न ठरलेला. नांदेडचा एक बिल्डर म्हणाला, "तेलाचं काय, कोणतंबी चालतंय." त्याला चहा पाजून वाटेला लावलं. भोकरचा एक जण म्हणाला, "काळजी नगं, चांगलं घट्ट घालतो." त्याला चहाही मिळाला नाही. काकूंनी कपाळाला हात लावला.

शेवटी लातूरहून इरफान नावाचा तरुण आला. "काका, कंपनीच्या पुस्तकात हाय तेच," तो म्हणाला. "पाच-तीस. ऊन असू द्या न्हाईतर थंडी." साहेबांनी खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. किमतीचं काकूंनी बघितलं.

गाडी कोपऱ्यावरून वळून गेली तरी साहेब फडक्याला बोटं पुसत उभे होते. मग माझ्याकडे न बघताच बोलले.

"गुरुजी, संदेश शेवटचा घरी आला तवा मी घट्ट तेल आणून घातलो. पोरगं लांबून आलंय, म्हणलं गाडीचाबी पाहुणचार करावा. लई भडकला. 'बाबा, इंजिन घालवलाव. कळत न्हाई तर हात कशाला लावता' म्हणला. मीबी नको ते बोललो. न जेवता गेला. मी फोन केलो न्हाई, त्यानंबी केला न्हाई. मंग फोन आला त्यो दवाखान्यातूनच."

साहेबांनी फडकं घडी करून खिशात घातलं. "त्याचं बरोबर होतं," ते म्हणाले. "आज एकानं तरी तेच म्हणलं."

त्यानंतर साहेबांनी कुणालाच तेल विचारलं नाही. भेटले की मान हलवून पुढे जातात. खरं सांगतो, मला करमेना. एक दिवस मीच माझी जुनी गाडी त्यांच्या दारात लावली आणि विचारलं, "साहेब, हिच्यात कोणतं घालू?"

त्यांनी बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमचं पोरगं हैदराबादला हाय न्हवं? त्याला विचारा," ते म्हणाले. "त्यो म्हणल तेच घाला."

मी तसाच घरात गेलो आणि पोराला फोन लावला.