नल्लेची मधली सुट्टी

हौकिनिएमीच्या शाळेत एकोणीस मुलं, दोन शिक्षिका, एक स्वयंपाकीण, तिचा नल्ले नावाचा कुत्रा आणि अंगणात मुलांनीच पाणी ओतून गोठवलेली एक घसरगुंडी होती. प्रिंटरही होता, तो मोजण्यात अर्थ नव्हता.

फिनलंडमध्ये प्रत्येक तासानंतर मुलांना पंधरा मिनिटं बाहेर काढतात, थंडी कितीही असो. शासनाच्या डिजिटल शिक्षण धोरणाखाली एकोणीस टॅबलेट आले, तेव्हा 'विद्यार्थी व उपकरण हा एकच अविभाज्य शैक्षणिक घटक मानावा' हे वाक्य कुणाला खटकलं नाही. तास संपला, घटक बाहेर गेले. उणे अठरा अंशांत सगळे टॅबलेट बंद पडले आणि राजधानीतल्या पडद्यावर अख्खी शाळा एकदम गैरहजर झाली.

धोरण सल्लागार रौतिओ तातडीनं ऑनलाइन आले.

"बाई, शून्याखाली उपकरण बाहेर न्यायचं नाही."

"बरं, टॅबलेट आत ठेवते," आयलाबाई म्हणाल्या. "पोरं जातील बाहेर."

"अहो, घटक अविभाज्य आहे ना!"

"मग सुट्टीचं काय? ती तर द्यावीच लागते."

"द्या की. ऑनलाइन द्या."

ऑनलाइन सुट्टीत टॅबलेटवर पंधरा मिनिटं बर्फ पडताना दिसायचा. मुलं टोप्या घालून तो बघायची, कारण टोपीशिवाय सुट्टी नियमात बसत नव्हती. सात वर्षांची हिल्ला मात्र खिडकीकडे बघायची. यंदा घसरगुंडीवरून उभ्यानं, न पडता खाली यायचं, असं तिनं ठरवलं होतं. शाळा सुटताच मुलांना घरी नेणारी टॅक्सी दारात उभी असायची; म्हणजे सरावाला सुट्टीच काय ती उरायची, आणि एप्रिलमध्ये बर्फ वितळतो.

"बाई, एकदाच जाऊ?"

"टॅबलेट घेऊन जावं लागेल गं."

"मी त्याला स्वेटर विणते!"

बाईंनी ही सूचना वर पाठवली. ती विचाराधीन राहिली.

फेब्रुवारीत आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की सुट्टी शंभर टक्के होते, पण पावलं शून्य पडतात. म्हणून पावलं मोजणारे मनगटी पट्टे आले. उणे चाळीस अंशांतही चालणारे.

"म्हणजे पट्टे बाहेर जाऊ शकतात," रौतिओ खुशीत म्हणाले.

"एकटे? आणि चालणार कसे?"

"ते स्थानिक पातळीवर ठरवावं."

स्थानिक पातळीवर नल्ले होता. बाईंनी चिडून एकोणीसच्या एकोणीस पट्टे त्याच्या गळ्यात अडकवले आणि त्याला अंगणात सोडलं. आता तरी कुणीतरी जाब विचारेल, असं त्यांना वाटलं. नल्ले दिवसभर खारीमागे धावला. संध्याकाळी शाळा जिल्ह्यात पहिली आल्याचं कळलं. रौतिओंनी अभिनंदन केलं आणि हाच वेग कायम ठेवायला सांगितलं.

पावलांचे आकडे पालकांच्या फोनवर जायचे.

"हिल्ला, केवढी धावलीस गं आज! अकरा हजार!" सोफ्यावरून तिचे बाबा म्हणाले.

"बाबा, तो नल्ले होता."

"शाब्बास!" त्यांनी फोनवरचा लाल बदाम दाबला. हिल्ला त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती.

एप्रिलच्या तोंडाशी विज्ञानाच्या तासाला मुलांनी खिडकीतून मोजमाप घेतलं. घसरगुंडीवरचा भुसभुशीत बर्फ: चौसष्ट सेंटीमीटर. त्यावरचे ठसे: एका कुत्र्याचे.