कांद्याच्या गोदामातला राक्षस

शुक्रवारी सकाळी दहा वाजता हॉलवाल्याने फोन करून बुकिंग रद्द केलं आणि समिधा दुसरी जागा शोधायला धावली. प्रयोग त्याच दुपारी चारला. कथक, दशावतार आणि प्रेक्षकांसमोर रंगवलेलं चित्र अशी मिसळ असलेलं तिचं नाटक बघायला अबुधाबीच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष केळुसकर मुद्दाम दुबईला येणार होते. त्यांना आवडलं तर तिथलं मोठं सभागृह. नाहीतर तीन वर्षांचा खटाटोप खलास!

"मॅडम, टेन्शन नको," तिच्या ऑफिसातला रत्नागिरीचा यूनुस म्हणाला. "रास अल खोरला मामूचं गोदाम आहे. अर्धं रिकामं."

"आणि उरलेलं अर्धं?"

"कांदा."

गोण्यांवरच प्रेक्षक बसले. पंख्याच्या घरघरीत घुंगरू ऐकू येईनात, म्हणून समिधाने पंखा बंद करवला. ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून शटरही ओढून घेतलं.

नाटक विनोदी होतं. एका राक्षसाला आखाताचा व्हिसा मिळत नाही, अशी गोष्ट. राक्षस होता साइटवर सुतारकाम करणारा वेंगुर्ल्याचा दगडू. त्याने आरोळी ठोकून गोण्यांच्या थप्पीवरून उडी मारली. एक गोणी फुटली आणि कांदे घरंगळत नाचणाऱ्या मनालीच्या पायांखाली गेले.

"मनाली, थांब!" समिधा गोण्यांआडून कुजबुजली.

"थांबू कशी? तिहाई अर्धी राहील!"

मनालीने तिहाईचे तीनही फेरे पुरे केले. प्रत्येक ठोक्याला एक कांदा चिरडला.

पाच मिनिटांत चित्रकार विघ्नेशला पडदा दिसेना. त्याने निळा पट्टा दगडूच्या पोटावर ओढला. मनाली हुंदके देत गिरक्या घेत होती. साठ प्रेक्षकांचे रुमाल बाहेर आले. विनोदाला कोणी हसेना. समिधाने कपाळावर हात मारला.

दगडू सगळे संवाद विसरला. शटरवर दोन्ही मुठी आपटत तो खराखुरा ओरडला, "माका काय्येक दिसणा नाय! दार उघडा रे! माका भायर सोडा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

केळुसकर चष्मा पुसत उठले. "बाई, बावीस वर्षं या मुलखात आहे. परक्या देशात अडकलेल्या माणसाचं दुःख असं कोणी दाखवलं नव्हतं. सभागृह तुमचं. यल्ला, चला, तारीख सांगा!"

खरं सांगायला समिधाने तोंड उघडलं. मग निळ्या पोटाच्या दगडूकडे पाहिलं आणि मिटलं. तीन वर्षांचं सगळं एकदम दाटून आलं. ती ओक्साबोक्शी रडू लागली.

यूनुस धावत शटर उघडायला गेला. "सॉरी हां मॅडम," तो म्हणाला, "यंदाचा माल जरा कडकच निघाला."