शून्यमनस्क म्हणजे विसराळू नव्हे!

"बाबांना दवाखान्यातून आणायचंय, लक्षात आहे ना?" बायकोने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कोशकारांचा तिळपापड झाला.

"मी काय शून्यमनस्क आहे?" ते कडाडले. "अगं, शून्यमनस्क म्हणजे ज्याच्या मनात काहीच नाही तो! माझ्या डोक्यात अख्खा शब्दकोश आहे. तिथे शून्याला पाय ठेवायला तरी जागा आहे का?"

नव्या शब्दकोशाचं काम गेला आठवडाभर नेमकं याच शब्दापाशी अडलं होतं. अर्थ काही केल्या त्यांच्या मनासारखा उतरत नव्हता.

डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन झालेले म्हातारे बाकावर ओळीने बसले होते. सगळ्यांच्या एका डोळ्याला पट्टी, वर काळा चष्मा. "चला बाबा, जपून!" म्हणत कोशकारांनी सासऱ्यांचा हात धरला आणि उठवता उठवताच सुरू केलं, "विसराळू माणूस छत्री विसरतो. वेंधळा ती मोडून आणतो. पण शून्यमनस्काला पाऊस पडतोय हेच कळत नाही! पटतंय?"

"हं."

टॅक्सीतही तेच. म्हाताऱ्याने मध्ये तोंड घातलं नाही की वाद घातला नाही. कोशकार खूश झाले. ऑपरेशनने सासऱ्यांचा स्वभावही निवळला म्हणायचा!

बायकोने दार उघडलं आणि ती किंचाळलीच. "अहो, हे कोण?"

"कोण म्हणजे? तुझे बा..." कोशकारांनी पहिल्यांदाच पाहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं. भलामोठा पांढरा मिशांचा झुबका! सासऱ्यांना तर मिशीच नव्हती!

"मला वाटलं, लेकीनं तुम्हाला धाडलंय," झुबकेवाले शांतपणे म्हणाले. "पाणी मिळेल का?"

"आणि माझे बाबा?" बायकोचा आवाज कापायला लागला. "एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याला धड दिसत नाही. रस्त्यावर उतरले असतील तर?"

कोशकार हबकले. एखादी गाडी आली आणि बाबांना दिसलीच नाही तर? कसंबसं पाणी पाजून त्यांनी झुबकेवाल्यांना पुन्हा टॅक्सीत घातलं. बायको शेजारी बसून मुसमुसत होती. कोशकारांच्या डोक्यातला शब्दकोश पार कोरा झाला होता.

दवाखान्यात धापा टाकत शिरले, तर सासरे बाकावर मजेत चहा पीत बसलेले! शेजारी झुबकेवाल्यांची लेक. सासरे तिला सांगत होते, "घाबरू नकोस पोरी. माणूस सज्जन आहे, फक्त शब्दकोश लिहितो. आत्ता आणून सोडेल वडिलांना."

बायकोने वडिलांना मिठीच मारली. कोशकारांचा जीव असा काही भांड्यात पडला की ते मटकन खालीच बसले. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? मी त्यांना घेऊन निघालो, ते दिसलं तुम्हाला?"

"दिसलं की! तुमचा आवाज ऐकून चष्मा वर केला, तर तुम्ही समोरूनच चालला होतात."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मारणारच होतो, जावईबापू," सासरे चहाचा घोट घेत म्हणाले. "पण तुम्ही त्यांना शब्दाचा अर्थ समजावून सांगत होतात. म्हटलं, आज सुटलो!"