बर्फ वितळून राह्यला

एप्रिलची दुपार, दोन वाजलेले. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसलेली असतात, मी कूलरपुढं बसून उत्तरपत्रिका तपासत असते, आणि नेमक्या अशा वेळी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून मेश्राम काकाजी माझ्या फाटकाची कडी वाजवतात. कुणाला काही झालं की काय म्हणून मी धडपडत बाहेर जाते. काकाजी खुशीत सांगतात, "मॅडम, बर्फ वितळून राह्यला."

हा बर्फ आमच्या गल्लीतला नाही. तो पडतो कॅनडात, एडमंटन नावाच्या गावी, काकाजींची एकुलती एक मुलगी प्रज्ञा हिच्या घरापुढच्या लॉनवर. पण त्याची काळजी केली जाते ती इथं, माझ्या भिंतीला भिंत लावून असलेल्या घरात. काकाजींच्या बैठकीत दोन कॅलेंडरं आहेत. एक राइस मिलवाल्यानं फुकट दिलेलं, त्यात काकू दुधाचे खाडे मांडतात. दुसरं काकाजींनी पुठ्ठ्यावर स्वतः आखलेलं. त्यात मे महिन्यात "पहिली कापणी" लिहिलंय, ऑगस्टच्या शेवटी "बी टाकणे", ऑक्टोबरात "पाने झाडणे, मंग आराम". जानेवारीत आम्ही सगळे शाली पांघरून उन्हात बसतो, तेव्हा हे नुसत्या बंडीवर येतात आणि म्हणतात, "ही का थंडी आहे जी? आपल्याकडं आज वजा तीस आहे." आपल्याकडं म्हणजे एडमंटनला.

एवढा मोठा जाणकार, तेव्हा याच्या स्वतःच्या अंगणात हिरवळ असेल असं कुणालाही वाटेल. एक काडी नाही. सगळं अंगण फरशीचं, आणि फरशीच्या फटीत गवत उगवलं की काकाजी गुडघ्याची कुरकुर सोसत खाली बसतात आणि मुळासकट उपटतात. मी एकदा विचारलं, "काकाजी, तिकडच्या गवताला खत आणि इकडच्याला ही शिक्षा काहून?" तर म्हणाले, "हे गवत नाही मॅडम, हे निंदण आहे."

याचं मूळ असं. काकाजी किरनापूरकडचे, घरचं धानाचं शेत. नंतर मलाजखंडच्या खाणीत नोकरी लागली, पण हात धानाचेच राहिले. लहानपणापासून बांधीतलं, म्हणजे धानाच्या वाफ्यातलं, गवत उपटण्यात जन्म गेला. सातेक वर्षांपूर्वी दोघं नवराबायको सहा महिने प्रज्ञाकडं राहायला गेले, तर दुसऱ्याच दिवशी तिनं दुकानातून पिशवी आणली. काकाजींनी विचारलं, काय आहे? ती म्हणाली, गवताचं बी. काकाजींना वाटलं पोरगी थट्टा करते. काकू अजूनही कपाळावर हात मारून सांगतात, "आपण ज्याले निंदून धुऱ्यावर फेकतो, त्याले ते लोकं इकत आणते वो बाई. वरून पाणी घालते."

तेव्हा नुकताच बर्फ सरला होता. लॉनच्या मधोमध एक मोठा चट्टा पडलेला, सगळं पांढरट आणि मेलेलं. बर्फाखाली दबून गवताला बुरशी लागते म्हणे. प्रज्ञा आणि जावई कामावर गेले आणि या दोघांनी ठरवलं, पोरगी यायच्या आत काम उरकून टाकू. धानवाल्या माणसाला मेलेल्या जागी रोप लावायचं एकच तंत्र माहीत. फावड्यानं माती खणली, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, घातले, नळी लावून घोटाभर पाणी भरलं, चिखल केला. लॉनच्या कडेचं दाट गवत उपटून जुड्या बांधल्या. मग काकूंनी लुगड्याचा काचा मारला आणि वाकून, एका ओळीत, मागे सरकत, रोवणी केली.

संध्याकाळी प्रज्ञा आली तेव्हा घरापुढं पक्की बांधी उभी होती. समोरच्या घरातला म्हातारा कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत राहिला. यांना वाटलं आता तक्रार करणार. तो आत गेला आणि काकूंसाठी रबरी बूट घेऊन आला. ते बूट आजही बालाघाटात आहेत, काकू ते घालून नाली साफ करतात.

अर्धं गवत कुजलं. उरलेलं जगलं, पण ओळीत. पुढची सगळी वर्षं त्या लॉनच्या मध्यभागी धानासारख्या ओळी दिसायच्या, आणि काकाजी त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन अख्ख्या बालाघाटभर फिरायचे. "गवत म्हंजे धानच आहे जी," ते दाखवताना म्हणायचे, "फकत लोंबी नाही येत." वारासिवनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही त्यांनी तो फोटो दाखवलेला आहे.

मग गुडघे गेले, एवढा प्रवास झेपेना, आणि राहिला तो रविवारचा फोन. सकाळी बरोबर आठला, म्हणजे तिकडं शनिवारची संध्याकाळ. काकाजींना व्हिडिओ आवडत नाही, "तोंडच पाहत राह्यतो माणूस, बोलणं राहून जाते." साधा फोन, पण स्पीकरवर, त्यामुळं माझ्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येतो. मी काही मुद्दाम ऐकत नाही. पण पोहे करताना कान कुठं ठेवायचे? किती उंच झालं, पातं खालून कापलं का वरून, पाणी सकाळी देते का संध्याकाळी. चाळीस मिनिटं आरामात.

या एप्रिलात प्रज्ञाचा फोन मला आला. "ताई, बाबाले सांगू नका." म्हटलं, काय? तर दीड वर्षापूर्वी त्यांनी ते घर विकलं होतं. दोघांचं काम शहराच्या मधोमध, म्हणून आता फ्लॅटमध्ये राहतात, नवव्या माळ्यावर. लॉन नाही, अंगण नाही, बाल्कनीत एक कुंडी. दीड वर्षं पोरगी दर रविवारी नसलेल्या गवताची खबर सांगत होती. "आणि आता बाबा फोटो मांगून राह्यले, बर्फ वितळल्यावरचा. मी काय पाठवू ताई? तुम्ही काहीतरी करून त्यांचं मन वळवा ना."

मी चिडलेच. शाळेत मी खोटं बोलणाऱ्या पोरांना बाकावर उभं करते. तिला म्हटलं, अगं सरळ सांग की. ती म्हणाली, "ताई, गवताच्या आधी आमचा फोन कसा व्हायचा माहीत आहे? जेवली का? हो. बरी आहेस ना? हो. मग ठेवतो. आईजवळ द्यायचे फोन. गवत गेलं असं सांगितलं तर पुन्हा तेच होईल." बघते म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी गेले. काकाजी फरशीची फट कोरत बसले होते. मी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हटलं, मोबाइलच्या फोटोत गवत नीट दिसत नाही म्हणतात, रंग बदलतो. काकाजींनी हातातली काडी बाजूला ठेवली.

"तिनं फोन केलता तुमाले?"

मी काकूंनी आणून ठेवलेला चहाचा कप उचलला.

"घर विकलं ना तिनं? मले मालूम आहे जी."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच सांगतलं. मागच्या एप्रिलात म्हणे, बाबा, बर्फ गेला, गवत हिरवंगार आहे." काकाजी हसले. "एप्रिलात तिथं गवत हिरवं असते का मॅडम? वाळल्या तनसासारखं पिवळं पडून राह्यते. हिरवं व्हाले मे लागते. जे पोरगी रोज दारातून पाहते, ते असं म्हणन काय? तवाच समजलो, पोरीजवळ गवत नाही आता."

"मग फोटो काहून मागितला?"

"मले वाटलं, फोटो मांगतला का सांगून टाकन. हलकं वाटन तिले. पण ते तर उलटी भिऊनच गेली." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "घर विकलं त्याचं काही नाही जी. त्याहीचं घर आहे. पण गवत नाही म्हणून ठरलं, तर मंग आमी बापलेकीनं बोलावं कायच्यावर? मले दुसरं काही बोलता येत नाही तिच्याशी. लहानपणी मी ड्यूटीवर, घरी आलो का ते झोपलेली. बोलाची सवयच नाही पडली."

आतून काकू म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राह्यला." म्हणजे त्यांनाही सगळं माहीत होतं. मी प्रज्ञाला सांगू का विचारलं, तर काकाजींनी नको म्हणून मान हलवली. मला खरंच वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि चहा थंडच प्यायले.

दुसऱ्या दिवशी रविवार. या खेपेला मी पोहे गॅसवर तसेच सोडले आणि उघड उघड खिडकीशी उभी राहिले. आठला फोन वाजला. काकाजींनी खाकरून घसा साफ केला.

"काय म्हणते गवत?"

तिकडून प्रज्ञा चाचरत म्हणाली, "बाबा, तो फोटो..."

"फोटो राहू दे," काकाजी म्हणाले. "आत्ताच बर्फ गेला ना बेटा, जमीन ओली आहे. आता त्याच्यावर पाय नको देऊ. कवळं असते, दबून जाते. दुरूनच पाह्यत जा."

मग ती म्हणाली, "हौ बाबा. दुरूनच पाहते."

"आणि आता कसं आहे? पिवळं असन ना?"

"पिवळंच आहे बाबा," ती म्हणाली. "एकदम पिवळं."

"हौ. मंग बरोबर आहे," काकाजी म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते पन्नास मिनिटं बोलले. माझे पोहे करपले.