सहा फुटांवरची लेक

चाळीस वर्षांत आपलं माप एकदाही चुकलं नाही, असं टेलरमास्तर छातीठोकपणे सांगायचे, आणि ते खरंही होतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही सगळं मास्तरांच्या डोक्यात लिहून झालेलं असे. टेप लावायचा तो केवळ त्याच्या समाधानासाठी. एका वकिलानं एकदा पोट आत ओढून माप दिलं, तर मास्तरांनी त्याला न सांगता कंबरेत दोन इंच वाढवले होते. वकील अजून त्यांचं नाव काढतो.

अशा माणसाच्या हाती घडीचा कॅमेरा लागला, म्हणजे आता काय विचारता!

तो घेऊन आले भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक. बंद असला की कॅमेरा जाडजूड पुस्तकासारखा दिसायचा. बाजूची कळ दाबली की झाकण खाली पडायचं आणि चुण्याचुण्यांचा काळा भाता ताणत भिंग पुढं यायचं. त्या भात्याला कोपऱ्यांत बारीक भोकं पडली होती. फोटो स्टुडिओवाल्यानं हात वर केले, तेव्हा शिक्षक शिंप्याकडे आले. मास्तरांनी भाता उजेडात धरला आणि कितीतरी वेळ नुसत्या चुण्याच बघत बसले. मग काळं अस्तर आणि गोंद घेऊन त्यांनी एकेक भोक असं बुजवलं की शिक्षकांना ते शोधून सापडेना.

"ठेवा महिनाभर तुमच्याकडेच," शिक्षक खूश होऊन म्हणाले. "एका रोलवर आठच फोटो निघतात, पण निघतात ते जन्मभर टिकतात."

जन्मभर म्हटल्यावर मास्तरांना लेक आठवली. लेक नर्स होती आणि आठ दिवसांनी समुद्रापारच्या एका इस्पितळात नोकरीला निघाली होती. ही बातमी ऐकून मास्तरांच्या बायकोनं एवढंच विचारलं होतं, "इथली इस्पितळं ओस पडली का?" त्या दिवसापासून तिनं लेकीशी अबोला धरला. घरातलं बोलणं मात्र थांबलं नव्हतं. ते आता मास्तरांमार्फत चालायचं.

"तिला सांगा, स्वेटर बॅगेत वरच ठेवलाय."

"बाबा, आईला सांगा, तिथं आत्ता उन्हाळा आहे."

"तिला सांगा, उन्हाळ्यालाही रात्र असते."

तिघंही एकाच टेबलाशी बसलेली असायची. मास्तरांचा घास हातातच राहायचा.

मास्तरांना फार काही नको होतं. मायलेकींचा एकत्र असा एक फोटो हवा होता, शिलाई मशीनच्या वर भिंतीला लावायला. लेक म्हणाली, फोनवर काढा की. पण फोनमधले फोटो त्यांना तयार कपड्यांसारखे वाटायचे, कुणाच्याच मापाचे नसलेले.

रोल आणायला ते स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यानं रोल भरून दिला, पाठीवरच्या लाल काचेतून फोटोचा आकडा कसा बघायचा ते दाखवलं, आणि म्हणाला, "यात आपोआप काही नाही हं मास्तर. माणूस किती लांब उभा आहे, ते भिंगाभोवतीची कडी फिरवून लावायचं. तिथले आकडे जे आहेत ना, ते—"

"अंतर?" मास्तर हसले. "अंतर मोजायला तू मला शिकवतोस?"

स्टुडिओवाल्याचं वाक्य तोंडातच राहिलं आणि मास्तर रस्त्याला लागले.

लेक निघायच्या आदल्या दुपारी मागच्या अंगणात तयारी झाली. सावली होती, पण स्टुडिओवाल्यानं त्याचाही हिशेब सांगून ठेवला होता. इस्त्रीचं टेबल बाहेर आणून त्यावर कॅमेरा ठेवला. मास्तर बायकोला बोलवायला स्वयंपाकघरात गेले.

"दोघी जरा उभ्या राहा शेजारी शेजारी."

"मला भांडी पुसायचीत."

"नंतर पूस."

"जाणाऱ्याला थांबायला वेळ नाही, तर मलाही नाही."

मास्तर एकटेच परत आले. अंगणाच्या मध्ये लेक उभी राहिली. तिच्या मागं, जरा एका बाजूला, चांगली लांब, स्वयंपाकघराची खिडकी होती.

"टेपचं टोक नाकाला धर."

"नाकाला?"

"फोटो चेहऱ्याचा आहे, मग काय गुडघ्याला धरतेस?"

टेप पाच फुटांतच संपला. मास्तरांनी तिथं खडूनं खूण केली, पुढं आणखी बारा इंच मोजून दुसरी खूण केली आणि टेबल सरकवून भिंग बरोबर त्या खुणेवर आणलं. सहा फूट. एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही. कडी फिरवून त्यांनी सहाचा आकडा लावला. आकड्यांच्या कडेला एक बारीक अक्षर होतं, अर्धं घासलेलं. असेल कंपनीची खूण, म्हणून मास्तरांनी ते सोडून दिलं.

पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच वाजलं नाही. भिंगाजवळचा खटका ओढायचा राहिला होता. तो ओढला, टिक् झालं आणि पहिला फोटो निघाला. मास्तरांनी रोल पुढं फिरवून लाल काचेत दोनचा आकडा आणला आणि पुन्हा टेप घेऊन लेकीच्या नाकाशी गेले.

"बाबा, मी हललेली नाही!"

"माणूस हलतो. त्याला कळत नाही."

प्रत्येक फोटोआधी हाच सोहळा चालला. चौथ्या फोटोपर्यंत लेकीचं नाक लाल झालं. मध्येच खिडकीतून आवाज आला, "तिला सांगा, केस कानामागं घे."

"बाबा, आईला सांगा, बघायचंच तर बाहेर ये."

"तिला सांगा, मी बघत नाहीये. मी भांडं पुसतेय."

मास्तरांनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं नाही. त्यांचा डोळा नखाएवढ्या काचेतून लेकीला शोधत होता. आठवा फोटो निघाला, रोल संपला. तरी ते सवयीनं टेप घेऊन पुढं गेले आणि टोक लेकीच्या नाकाला लावलं.

"संपले ना आठ?" लेकीनं विचारलं.

"संपले."

"मग आता काय मोजताय?"

मास्तरांनी टेप गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. दारात आई म्हणाली, "तिला सांगा, पोहोचल्यावर कळव." लेक म्हणाली, "बाबा, आईला सांगा, कळवते." टॅक्सी वळली आणि मास्तरांकडे पोहोचवायला कुणाचाही निरोप उरला नाही.

चार दिवसांनी स्टुडिओवाल्यानं आठ फोटो काउंटरवर मांडले आणि घसा खाकरला. आठही फोटोंत मध्यभागी एक धुरकट, पांढुरका आकार होता. वरच्या बाजूला डोकं असावं असं वाटत होतं.

"मास्तर, ते आकडे मीटरचे होते. तुम्ही फूट धरले."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि बसले. गळ्यात टेप होताच. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला सगळे सेंटिमीटर होते, चाळीस वर्षं त्यांच्या शर्टाला घासत. जन्मात एकदा चूक झाली, आणि ती नेमकी लेकीच्या मापात झाली. त्यांना तिथंच रडू येईल असं वाटलं.

"पण या मागच्या बाई कोण?" स्टुडिओवाला म्हणाला. "खिडकी बरोबर सहा मीटरवर असणार. यांच्या हातातल्या फडक्याचे धागेसुद्धा मोजता येतील."

मास्तर वाकले. पहिल्या फोटोत खिडकीच्या कडेला नुसता एक हात होता. दुसऱ्यात अर्धा चेहरा. तिसऱ्यात भांडं आणि फडकं घेऊन ती पूर्ण उभी होती. चौथ्यात तेच भांडं, पाचव्यात तेच, सहाव्यातही तेच. सातव्यात भांडं नव्हतं आणि फडकं डोळ्यांना होतं. आठव्यात दोन्ही हातांनी खिडकीचे गज धरून ती लेकीच्या पाठीकडे बघत होती. लग्नाला तीस वर्षं झाली, पण बायकोला असं बघताना मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं.

आठव्या फोटोचा फोनवर फोटो काढून त्यांनी लेकीला पाठवला. खाली लिहिलं, 'आई बघत नव्हती.'

संध्याकाळी बायकोचा फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सवयीनं हात पुढं केला, पण तिनं फोन स्वतःच्याच कानाला लावला.

"जेवलीस का?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

तासभर दोघी बोलत होत्या. स्वेटर, भाजीचे भाव, मेट्रनचा स्वभाव, काही सुटलं नाही. मास्तर समोर बसून आपल्या पाळीची वाट बघत होते. शेवटी बायकोनं फोन ठेवला.

"माझ्याशी नाही बोलली?"

"तुम्हाला सांगितलंय, नाक अजून दुखतंय."

आठवा फोटो आता दुकानात मशीनच्या वर आहे. परवा एक नवं गिऱ्हाईक शर्टाचं माप द्यायला हात पसरून उभं राहिलं. त्याची नजर फोटोवर गेली.

"खिडकीतल्या बाई छान आल्यात. पण समोर हे धुरकट काय आहे?"

"माझी लेक," मास्तर म्हणाले. "फार जवळ उभी होती, म्हणून नीट आली नाही."

आणि ते टेप घेऊन पुढं झाले, तसं गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं.