शिकाऊ विमानाच्या नाकात काय बसवावं

आमच्या इमारतीतले ओव्हाळ काका वांगीसुद्धा निविदा काढून घेतात.

हे मी चेष्टेनं लिहीत नाही. दिघीच्या चौकात भाजीच्या दोन गाड्या समोरासमोर लागतात. काका दोन्हींच्या मध्ये उभे राहतात, खिशातून छापील तक्ता काढतात आणि आधी दर्जा तपासतात. देठ, चमक, कीड, हाताला लागणारं वजन. दर विचारायचा नाही. कुणी आपणहून सांगायला लागलं तर काका कानांवर हात ठेवतात. "किमतीचं पाकीट नंतर उघडायचं, ताई. आधी तांत्रिक."

भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "काका, वांगी घ्यायचीत का इमान?"

"विमानाचं घरी चालू आहे," काका म्हणाले.

आणि ते खरंच चालू होतं.

काका एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात पस्तीस वर्षं होते. तिथे प्रत्येक वस्तूसाठी दोन बंद पाकिटं येतात. एकात माल कसा आहे ते, दुसऱ्यात किंमत. पहिल्यात नापास झालेल्याचं दुसरं पाकीट उघडतसुद्धा नाहीत. पस्तीस वर्षं हे केल्यावर माणूस दोन पाकिटांत विचार करतो. निवृत्त झाले, त्याच्या आधीच काकू गेल्या, मुलगी सरकारी नोकरीत बाहेरगावी. दुसरा कुणी असता तर सकाळी बागेत जाऊन हास्य क्लबात हसला असता. काकांनी हवाई दलाच्या पुढच्या शिकाऊ जेट विमानासाठी रडार निवडायला घेतलं. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. सरकारकडे असं विमान यायचंय की नाही, हेही नक्की नव्हतं. "आलं की धावाधाव नको," एवढंच ते म्हणायचे.

आता मी कोण, तर त्यांच्या समोरच्या दारात राहणारी, पत्रकं काढणारी मुलगी. आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं, तेही बारीक, आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. माझं प्रत्येक पत्रक छापण्याआधी काका तपासतात, मी दिलं नाही तरी.

"'तीव्र निषेध' लिहिलंयस. किती तीव्र?"

"काका, निषेधाला माप नसतं."

"मग वाचणाऱ्यानं स्वीकारायचा कसा? आणि हे 'शेकडो नागरिक'. मोजलेस?"

मी मोजले नव्हते. एकसष्ट होते. तेव्हापासून माझ्या पत्रकात 'एकसष्ट नागरिक' असं छापून येतं आणि आमच्या चळवळीतले लोक माझ्याकडे फितूर असल्यासारखं बघतात.

शेवटी आमच्यात करार झाला. पाण्याच्या निवेदनावर काकांनी सही करायची आणि त्यांचा रडारचा अहवाल मी टाइप करायचा. मी म्हटलं, दोन पानं असतील. अडतीस निघाली. नळाला पाणी नाही आणि मी विमानाचं रडार टाइप करतेय, यापेक्षा मोठी फसवणूक मी माझ्या आयुष्यात होऊ दिलेली नाही.

पण सांगते, मजा आली. काकांनी तीन प्रकार काढले होते, आणि मला कळावेत म्हणून त्यांना आमच्याच इमारतीतली नावं दिली होती. पहिलं रडार जुन्या धाटणीचं. त्याची तबकडी मान वळवून वळवून बघते. ते आमचे वॉचमन. सगळीकडे फिरतात, पण पुढच्या गेटवर असतील तेव्हा मागून कोण शिरलं ते कळत नाही. दुसरं नव्या धाटणीचं. जागचं न हलता एका क्षणात समोरच्या सगळ्या आभाळावर नजर टाकतं. त्या तळमजल्यावरच्या सखू आजी. तिसऱ्या प्रकारात रडारच नसतं. पडद्यावर संगणक खोटी शत्रूची विमानं दाखवतो आणि शिकणाऱ्यानं ती खरी समजून सराव करायचा. ते आमचे सेक्रेटरी. टाकीत न बघताच 'पाणी भरपूर' असं फळ्यावर लिहितात.

हे सखू आजींच्या कानावर गेलं. त्या पायरीवर बसून काकांची वाटच बघत होत्या.

"का रं ओव्हाळा, मी काय लोकांच्या घरात बघत बसती व्हय?"

"आजी, तुम्हाला मी शंभरात ब्याण्णव दिलेत."

आजी पायरीवर जरा सरकून बसल्या. "आन् आठ कशापायी कापलं?"

"लवकर तापता. नव्या रडारचा तेवढाच दोष. थंड ठेवायला वेगळी सोय करावी लागते."

"मला कुणी केली सोय? पंखा तर सोसायटीनं काढून न्हेला," आजी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्या दुसऱ्या रडारच्या कट्टर समर्थक झाल्या. भाजीवालीलाही त्यांनी पटवलं. मला पाण्यासाठी एकसष्ट माणसं जमवायला चार महिने लागले होते.

काकांचं एक पालुपद होतं. "नाकात जागा किती?" शिकाऊ विमान लहान, त्याचं नाक लहान आणि रडार बसतं नाकात. जड बसवलं तर विमान पुढे झुकतं. काका हे सगळ्याला लावायचे. वरच्या मजल्यावरच्यांनी दोन दारांचा फ्रिज आणला तेव्हा जिन्यात हमाल अडकले, काका रेलिंगवरून म्हणाले, "मी आधीच विचारलं होतं, नाकात जागा किती?" सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला, तिथेही तेच. एका स्थळाकडची मंडळी मला बघायला आली होती, मुलगा फार शिकलेला, फार बोलणारा. काकांनी मला स्वयंपाकघरात गाठून हाच प्रश्न विचारला. मी नकार कळवला.

मग चिंचवडला लहान कारखानदारांसाठी एक चर्चासत्र असल्याचं कळलं. विमानांचे सुटे भाग करणाऱ्यांना बोलावलं होतं आणि व्यासपीठावर हवाई दलाचे एक अधिकारी येणार होते. आठ महिन्यांच्या मेहनतीचं ऐकून घेणारा माणूस पहिल्यांदाच एवढ्या जवळ येत होता. काकांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

मी त्यांना तयार केलं. माझ्या कामातलं एवढं एक मला नीट येतं. "माईक हातात आला की सोडायचा नाही. आभार मानायचे नाहीत, त्यात वेळ जातो. पहिल्या वाक्यात मागणी."

"दुसऱ्या वाक्यात कारण," काका म्हणाले.

"आणि कुणी 'बसा' म्हटलं तर?"

"ऐकू आलं नाही."

काकांनी अहवाल दोन पाकिटांत घातला आणि लाखेनं सीलबंद केला. किमतीच्या पाकिटात काय घातलं, मी विचारलं. "कोरा कागद. किंमत मी कशी सांगणार? पण पाकिटं दोनच लागतात." नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं लाखेचं सील बघितलं आणि काही न विचारता काकांच्या छातीवर बिल्ला लावला: 'मेसर्स ओव्हाळ, दिघी'. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मी त्यांची कर्मचारी म्हणून शेजारी.

भोसरीचे एक कारखानदार पलीकडे होते. पट्ट्या आणि ब्रॅकेट बनवायचे.

"युनिट कुठंय राव तुमचं?"

"तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्या? मशिनी चढवल्या कशा? आणि काय बनवता?"

"निवड," काका म्हणाले. त्या गृहस्थांनी आदरानं मान हलवली आणि पुढचा तासभर काकांना चहा-बिस्किटं पुरवली. मला वाटतं त्यांनी आपलं कार्डही दोनदा दिलं.

प्रश्नांची वेळ झाली. पहिल्या रांगेला पहिला माईक. काका उठले. अडतीस पानं काखेत. आमची मागणी पाठ होती: दुसऱ्या प्रकारचं रडार, थंड ठेवण्याच्या सोयीसह, आणि खोट्या शत्रूंचा खेळ बंद.

काकांनी माईक दोन्ही हातांत धरला आणि पाठ केलेलं सगळं सोडून विचारलं, "साहेब, शिकाऊ विमानात शिकणारा पुढे बसतो आणि शिकवणारा मागे. पुढच्याच्या पडद्यावर जे दिसतं, ते मागच्याला दिसतं का?"

अधिकारी तरुण होते. त्यांनी काकांकडे जरा निरखून बघितलं. "दिसतं, काका," ते म्हणाले. "दोघांना एकाच वेळी."

काका म्हणाले, "आभारी आहे." आणि बसले. माईक पुढे गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना सोडलं नाही. "आठ महिने. अडतीस पानं. सखू आजी तिकडे निकालाची वाट बघतायत. आणि विचारलंत काय, तर मागच्या सीटचं? ते तर अहवालात एका ओळीतही नाही."

"नाही," काका म्हणाले. "ते टाइप करायला देण्यासारखं नव्हतं." मग चहात बघत म्हणाले, "पुढे आमची वैशाली बसते."

मी मनातल्या मनात त्यांची मुलगी कुठल्या तरी सरकारी कचेरीत टेबलाशी बसवून ठेवली होती. ती हवाई दलात होती. जेट शिकत होती.

"कधी बोलला नाहीत."

"तिची आई असती तर अख्ख्या दिघीला कळलं असतं. मला ते जमत नाही. रविवारी तिचा फोन येतो. जेवलीस का, झोप होते का. एवढं विचारलं की माझं संपतं. ती म्हणते, सगळं ठीक आहे. तीन मिनिटांत फोन खाली. मग एका रविवारी म्हणाली, बाबा, आज वर्गात रडार शिकवलं. म्हटलं, हा विषय आपल्याला जमेल."

"मग तुमच्या निवडीवर ती काय म्हणते?"

"ती म्हणते, बाबा, आम्ही उडवतो त्या विमानात रडारच नाही."

मी ग्लास खाली ठेवला.

"मी म्हटलं, नसू दे. पुढच्या विमानाचं मी बघतोय. एवढी हसली, एवढी हसली. बावीस मिनिटं बोललो त्या दिवशी." काका रस्त्याकडे बघत होते. चाकणकडे जाणारे ट्रक एकामागून एक जात होते. "ती कुठं असते, तिला काय दिसतं, मला काही कळत नाही गं. पण मागे बसलेल्याला सगळं दिसतं, असंच म्हणाले ना ते? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं, आणि न मोजताच पुढे जोडलं, "दोनदा म्हणाले."